हात न लावता बेस गिटार घेताना

‘दुकानात जा, चार बेस वाजवून बघा आणि हाताला बसेल तो घ्या’ हा सल्ला बरोबर आहे. तो पाळायला जवळपास चार बेस असलेलं दुकान मात्र लागतं. मुंबई, पुणे किंवा गोव्यात राहणाऱ्याचं भागतं. जिल्ह्याच्या गावी वाद्यांच्या दुकानात हार्मोनियम, ढोलकी, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार सगळं मिळतं, पण इलेक्ट्रिक बेस असलाच तर एखादा, तोही कोपऱ्यात टांगलेला. मग मोबाईलवर फोटो बघत बसायचं आणि पंधरा-वीस हजारांची ऑर्डर टाकताना धाकधूक.

ही धाकधूक बरीच कमी करता येते. वाजवून बघताना हाताला जे कळतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मोजपट्टीलाही कळतं. उरलेल्यातलं बरंचसं, म्हणजे तारांची उंची, खरखर, सुरातला थोडा फरक, हे स्क्रू ड्रायव्हर आणि ॲलन कीने घरी दुरुस्त होतं. आधी मोजता येत नाहीत आणि नंतर दुरुस्तही होत नाहीत असे दोष चार-पाचच आहेत, आणि ते बेस घरी आल्यावर पहिल्या तासात पकडता येतात. ऑर्डरच्या आधी माप आणि खोका उघडल्यावर तपासणी, ही दोन कामं नीट केली की फोटोंवर डोळे ताणायची गरज उरत नाही.

सुताराकडची रीप

सगळ्यात आधी स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून (डोक्याकडची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (बॉडीकडे तार जिथे टेकते तो तुकडा) तारेची वाजणारी लांबी. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तेव्हा ती ३४ इंच ठेवली, साधारण ८६४ मिलिमीटर, आणि आजही बाजारातले बहुतेक बेस याच मापाचे असतात. शॉर्ट स्केल म्हणजे साधारण ३० इंच, ७६२ मिलिमीटर. कागदावर चार इंच किरकोळ वाटतात. डाव्या हाताच्या करंगळीला ते किरकोळ वाटत नाहीत.

हे घरी करून बघता येतं. सुताराकडून दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि हातभर लांब रीप आणा. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. बेसच्या नेकची, म्हणजे बोटं फिरतात त्या लांब दांडीची, जाडी पहिल्या फ्रेटपाशी (नेकवरच्या पहिल्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) साधारण २० ते २२ असते, त्यामुळे अंदाज जवळचा येतो. मागच्या कडा पॉलिश पेपरने गोल करून घ्या. एका टोकाजवळ आडवी रेघ मारा, तो तुमचा नट. तिथून ४८.५, ९४, १३७.५, १७८ आणि २१६.५ मिलिमीटरवर रेघा मारा. हे ३४ इंची बेसचे पहिले पाच फ्रेट. दुसऱ्या रंगाच्या पेनने ४३, ८३, १२१, १५७ आणि १९१ वर खुणा करा, ते ३० इंची बेसचे. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. एका रेघेपासून पुढची असं मोजत गेलात तर चूक वाढत जाते.

आता खुर्चीत बसा, नट शरीरापासून लांब राहील अशी रीप डाव्या हातात धरा, कोपर बरंच सरळ होईल इतकी लांब. जवळ ओढून धरली तर सगळंच सोपं वाटेल आणि प्रयोग फुकट जाईल. चार बोटं पहिल्या चार रेघांच्या किंचित मागे, नटच्या बाजूला ठेवा. ३४ इंचीवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर १३ सेंटिमीटर होतं, ३० इंचीवर साडेअकरा. मिनिटभर तसंच धरा. मनगट वाकडं झालं, अंगठ्याच्या बुडाशी ओढ लागली, तर हात काय सांगतोय ते लक्षात येईल.

एवढ्यावरून ३४ इंची लगेच बाद करू नका. मोठ्या उभ्या डबल बेसवर सिमांडल पद्धतीची बोटं वापरतात, आणि इलेक्ट्रिक बेसवरही खालच्या फ्रेटांवर अनेक जण तीच वापरतात: तर्जनी पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट दुसऱ्यावर, अनामिका आणि करंगळी मिळून तिसऱ्यावर. चौथा फ्रेट हवा तर हातच सरकवायचा. यात एका वेळी लागणारा ताण ३४ इंचीवर नऊ सेंटिमीटरच्या आत राहतो. बहुतेक प्रौढ हातांना तो जमतो. रीपेवर नऊ सेंटिमीटरही दुखत असेल, किंवा वाजवणारा दहा-बारा वर्षांचा असेल, तर मात्र शॉर्ट स्केलच घ्या. स्क्वायरचा सॉनिक ब्रॉन्को ३० इंची आहे आणि आयबानेझचा मिक्रो जीएसआरएम२० त्याहून लहान, २८.६ इंची.

शॉर्ट स्केलची किंमतही मोजायला हवी. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ३० इंचीवर तिचा ताण साधारण २२ टक्क्यांनी कमी होतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार मऊ लागते, स्वर गोल आणि दबका येतो, आणि जोरात वाजवणाऱ्याची ई तार (चौघींतली सर्वात जाड) फ्रेटवर आपटते. शिवाय तारांचा संच शॉर्ट स्केलचाच घ्यावा लागतो. लांब संच घेऊन कापला तर जाड गुंडाळी थेट ट्यूनिंग कीच्या खुंटीवर येते आणि तिथे सुटायला लागते. असे संच गावातल्या दुकानात मिळतीलच असं नाही, म्हणून बेसबरोबरच एक जादा मागवून ठेवा.

नावावर जाऊ नका, नटचा आकडा बघा

दुसरं माप नटच्या रुंदीचं. मूळ फेंडर जॅझ बेसचा (१९६०) नट ३८ मिलिमीटर, प्रिसिजनचा ४१ ते ४४. सहा मिलिमीटरचा फरक हाताला लगेच कळतो: ३८ वर तारा जवळ येतात आणि बोटं पटकन पलीकडे जातात, ४४ वर मूठ भरते. पण स्वस्त मालिकांमध्ये नाव आणि माप यांची फारकत झालेली असते. नावात प्रिसिजन आणि नेक जॅझचा, असे बेस मिळतात. म्हणून माहितीपत्रकात नटचा आकडा शोधा. आयबानेझ जीएसआर२०० चा ४१ मिलिमीटर आहे, यामाहा टीआरबीएक्स१७४ चा ४०. पहिल्या बेससाठी हे मधलं माप मला सर्वात बिनधोक वाटतं.

स्केल आणि नट हे दोन आकडे जी जाहिरात देत नाही, तिच्याकडे पाठ फिरवा. ‘प्रोफेशनल क्वालिटी’, ‘प्रीमियम वूड’ असं लिहायला जागा आहे आणि स्केल लिहायला नाही, म्हणजे विकणाऱ्यालाही आपण काय विकतोय ते माहीत नसावं.

वजन बहुधा लिहिलेलं नसतं, ते विचारून घ्यावं लागतं. साडेतीन ते सव्वाचार किलो ठीक. साडेचारच्या वर गेलं की दोन तासांच्या तालमीनंतर खांदा बोलायला लागतो. पण वजनापेक्षा तोल जास्त छळतो. हलकी बॉडी आणि लांब नेक असलेला बेस पट्ट्यावर अडकवून हात सोडला की डोकं खाली पडतं, मग डावा हात वाजवायचं सोडून नेक उचलत बसतो. याला नेक डाइव्ह म्हणतात, आणि तो फोटोतही दिसतो. बेसचा समोरून काढलेला सरळ फोटो घ्या. बॉडीच्या वरच्या शिंगाच्या टोकाला पट्ट्याचं बटण असतं. त्या टोकावरून नेकवर काटकोनात रेघ गेली आहे अशी कल्पना करा. रेघ बाराव्या फ्रेटच्या आसपास पडली तर तोल चांगला. पंधराव्या-सोळाव्यावर पडली तर डोकं खाली जाणारच. आतून खरखरीत चामड्याचा, तीन इंच रुंद पट्टा लावला की त्रास कमी होतो, पण मुळात टाळता आला तर टाळा.

लाकूड, पिकअप आणि फोनचा स्पीकर

लाकडावर लोक फार शब्द खर्च करतात. पॉपलर, बासवूड, महोगनी, नेटो, काहीही असो. या किमतीच्या बेसमध्ये आवाज ठरवणाऱ्या गोष्टी म्हणजे पिकअप (तारांखालचा, त्यांचा कंप विजेत बदलणारा भाग), तारा आणि तुमची बोटं. फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीच्या) लाकडाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१७ मध्ये शिसवाच्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा कंपन्या पर्याय शोधायला लागल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर पर्याय रुळले होते. त्यातला ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे आपल्या सह्याद्रीत उभा असतो तो ऐन. आणि ‘सोनोकेलिंग’ म्हणजे इंडोनेशियात वाढलेला आपलाच शिसव. तेव्हा लॉरेल लिहिलं म्हणून नाक मुरडू नका. लाकूड कोरडं, फिकट दिसलं तर लेमन ऑइलचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन पुसा, रंग खुलतो.

पिकअपचं मात्र नीट समजून घ्या. ‘पी’ (प्रिसिजनचा) पिकअप दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, आणि दोघे मिळून विजेची गुणगुण मारतात. आवाज भरीव, बॅंडमध्ये हरवत नाही. ‘जे’ (जॅझचे) पिकअप म्हणजे दोन लांबट सिंगल कॉइल, एकेरी गुंडाळीचे. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले तर गुणगुण नाही, एकच वाजवला की येते. पीजे म्हणजे पुढे ‘पी’, ब्रिजजवळ ‘जे’. जिथे भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नीट नाही, आणि आपल्याकडे अशी घरं आणि मंडप भरपूर आहेत, तिथे पी पिकअप असलेला बेस फार मनस्ताप वाचवतो. पीजेवर मधला आवाज हवा असेल तर ‘जे’ थोडाच उघडायचा.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला की नसलेला? ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल जॅकमध्ये खुपसलेली असेल तोवर ती खर्च होत राहते. केबल तशीच ठेवून झोपायची सवय असेल तर बॅटरी महाग पडेल. बॅटरी उतरली की आवाज फाटतो किंवा बंद पडतो, आणि नवशिक्याला वाटतं पिकअप गेला. पॅसिव्हमध्ये बिघडायला दोन-तीन पॉट (नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग), एक जॅक आणि थोडं सोल्डरिंग एवढंच असतं, ते गावातला रेडिओ दुरुस्त करणाराही सांधून देतो. न बघता घ्यायचा आहे, तर बिघडण्याजोगे भाग जितके कमी तितकं बरं. म्हणून माझा कौल पॅसिव्ह पीजेला: ३४ इंच, नट ४० च्या आसपास. टीआरबीएक्स१७४ या वर्णनात बसतो. जीएसआर२०० पीजेच आहे, पण त्यात बॅटरीवर चालणारा बेस बूस्ट आहे.

आवाज ऐकायला आपण व्हिडिओ लावतो, आणि तिथे एक साधी चूक होते. बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर येतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे स्वरांश, १२३, १६४ आणि त्यापुढचे. खालचा स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून फोनवर सगळे बेस थोडेफार सारखे वाटतात, आणि ज्याचा ट्रेबल जास्त तो ‘क्लिअर’ वाटतो. हेडफोन लावून ऐका. त्यातही व्हिडिओतल्या तारा बहुधा नव्या असतात, कम्प्रेसर (आवाजातले चढउतार सपाट करणारं यंत्र) लावलेला असतो, त्यामुळे ‘टोन’ मनावर घेऊ नका. ऐकायचं ते हे: चारही तारा सारख्या जोराने येतात का, जी तार (सर्वात बारीक) पातळ पडते का, स्वर धरून ठेवल्यावर तो एकसारखा ओसरतो की मध्येच गळतो.

पाच तारांचा मोह

ऑर्केस्ट्रात किंवा भजनाच्या बॅंडमध्ये वाजवणाऱ्यांना पाच तारी बेस हवासा वाटतो, आणि त्याला कारणही आहे. चार तारी बेसचा सर्वात खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. गाणारा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गायला लागला की त्याचा खालचा सा तुमच्याकडे नसतो. एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि गाण्याची बैठक हलकी होते. पाचवी तार बी, म्हणजे पांढरी सात, ३०.९ हर्ट्झची. ती असली की काळी एकचा सा दुसऱ्या फ्रेटवर मिळतो.

तरीही स्वस्तात पाच तारी न बघता घेऊ नये असंच मी म्हणेन. ३४ इंचावर बी तार मुळातच सैल असते. नेक थोडाही हललेला असेल, नटची खाच थोडी रुंद असेल, तर ती स्वर न देता फडफडते, आणि हा दोष फोटोत दिसत नाही. पांढरी दोनपुरतं काम असेल तर चार तारीची ई तार एक स्वर उतरवून डी करा, खर्च शून्य. त्याहून खाली सतत लागत असेल तर चार तारीवर बी-ई-ए-डी असा जाड संच चढवता येतो. पण त्यासाठी नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात. १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या) तारेची खाच १३० च्या तारेला पुरत नाही.

पैसे कुठे ठेवायचे

हातात २५ हजार असतील तर बेस २० च्या आत बसवा. उरलेल्या पाचात तीन मीटरची बरी केबल, पट्टा, ट्यूनर, नवा तारांचा संच, आणि गरज पडली तर कारागिराकडून सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं). बेसबरोबर १० वॉटचा ॲम्प, पिशवी आणि पिक असा ‘कॉम्बो’ मोहात पाडतो, पण इतका छोटा स्पीकर बेसचा खालचा आवाज काढू शकत नाही आणि ढोलकीसमोर तर तो ऐकूच येणार नाही. घरच्या सरावाला व्हॉक्सच्या ॲमप्लगसारखा छोटा हेडफोन ॲम्प किंवा ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारा डबा) पुरतो. इंटरफेसवर गिटारसाठी वेगळी इनपुट खूण असते, तीच वापरा. पॅसिव्ह बेस थेट होम थिएटरच्या लाइन-इनला जोडला की आवाज दबका आणि मेलेला येतो, कारण ती इनपुट पिकअपवर फार भार टाकते. मित्राच्या इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमध्ये हळू आवाजात वाजवायला हरकत नाही. मोठा केला तर स्पीकरचा कोन फाटू शकतो.

डोक्याला चिमट्याने लावायचा ट्यूनर खालची ई नीट ओळखत नाही, काटा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, म्हणजे काटा स्थिर होतो.

जुना बेस घेत असाल तर व्हॉट्सॲपवर हे मागा: हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या डोक्याकडून) नेकच्या लांबीभर बघत काढलेला फोटो, नटचा जवळून, ब्रिजचा बाजूने म्हणजे सॅडल किती उंच-खाली आहेत ते दिसेल, नेक बॉडीला जोडतो त्या सांध्याचा, आणि ट्रस रॉडच्या (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळईच्या) तोंडाचा. रॉडचं षटकोनी तोंड झिजून गोल झालं असेल तर पुढे बोलूच नका. सॅडल सगळे तळाला टेकलेले असतील तर नेकचा कोन बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. शिवाय एक व्हिडिओ: प्रत्येक तार उघडी, पाचव्या, बाराव्या आणि शेवटच्या फ्रेटवर. देणारा टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

नवा घेताना दुकानदार ‘सेटअप करून पाठवू का?’ असं विचारेल. फुकट असेल तर हो म्हणा, पैसे घेऊन असेल तर थांबा. मुंबईच्या दमट हवेत लावलेला नेक चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तसा राहत नाही. आठवडाभर बेस तुमच्या खोलीत राहू द्या, मग सेटअप करा.

खोका उघडल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ करा, बाहेरचा पत्ता आणि खोक्याचे कोपरे दिसतील असा. मग तारा सुरात लावा, अर्धा तास थांबा, परत लावा. सुरात नसलेल्या बेसची तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण नेकवर तारांचा ओढा असतानाच तो खरा आकार दाखवतो.

आधी नेकचा पीळ. बॉडीकडून हेडस्टॉककडे, बंदुकीचा नेम धरावा तसं एका डोळ्याने बघा. फ्रेटच्या रेघा एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. नटची रेघ एका बाजूला कललेली दिसली तर नेक पिळलेला आहे. परत पाठवा, हे दुरुस्त होत नाही.

मग रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक. ई तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताच्या अंगठ्याने शेवटच्या फ्रेटवर. तार आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट हवी, साधारण जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने घट्ट करायचा, फट नसेल तर उलट सैल करायचा. एका वेळी पाव वेढा, पुन्हा सूर, पुन्हा माप. पाव-पाव करत पूर्ण वेढा झाला आणि नेक हललाच नाही, किंवा रॉड घट्ट अडला, तर जोर लावू नका. परत पाठवा.

रिलीफ ठीक झाल्यावर उंची. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत ई कडे २.४ आणि जी कडे २ मिलिमीटर हे फेंडरचं माप, सुरुवातीला तेच ठेवा. सॅडलच्या दोन बारीक स्क्रूंनी ते होतं. हा क्रम उलटा केला, म्हणजे रिलीफ न बघता सॅडल खाली घेतले, तर मधल्या फ्रेटांवर खरखर सुरू होते आणि माणूस तासभर गोल फिरत राहतो.

नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: कागदाएवढी फट हवी. एक मिलिमीटर असेल तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटचे स्वर चढे लागतील आणि बोटं दुखतील. स्वस्त बेसमध्ये हा दोष इतका नेहमीचा आहे की त्यासाठी बेस परत करू नका. कारागीर खाच दहा मिनिटांत उतरवतो. स्वतः कानस लावू नका, जास्त खाली गेली तर नवा नट बसवावा लागतो.

आता सगळे फ्रेट, चारही तारांवर, ॲम्पशिवाय, शांत खोलीत. वीस फ्रेट असतील तर ८० स्वर, दहा मिनिटांचं काम. सगळीकडे थोडी खरखर असेल तर सेटअपचा प्रश्न. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला आहे. एखादं जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या आणि त्याची कड तीन लगतच्या फ्रेटांवर टेकवून डुलवा; लहान कड पुरत नसेल तर कार्ड तिरकं कापून घ्या. खटखट करत डुललं तर मधला फ्रेट उंच. एखादा असा असेल तर कारागीर बसवून देईल. पाच-सहा असतील किंवा पंधराव्यापुढे सगळ्याच तारा एका स्वरावर अडकत असतील, तर नेकचं टोक बॉडीजवळ वर उचललेलं आहे. याला स्की जंप म्हणतात, दुरुस्तीला स्वस्त बेसच्या मानाने फार पैसे लागतात. परत पाठवा.

जी तार नेकच्या काठावरून घसरत असेल तर नेकच्या दोन्ही कडांपासून ई आणि जी चं अंतर मोजा. फरक असेल तर तारा सैल करून नेकचे चार स्क्रू अर्धा वेढा ढिले करा, हेडस्टॉक हलक्या हाताने हव्या बाजूला ढकला, परत आवळा. बहुतेक वेळा एवढ्याने जमतं.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर खरा लागणं, शेवटी. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे. जुन्या, गंजक्या तारांवर हे करू नका, तार एकसारखी नसेल तर आकडे खोटे येतात.

मग केबल लावा. नॉब फिरवताना खरखर आली तर पॉटमध्ये धूळ, दहा-वीस वेळा फिरवल्यावर बहुधा जाते. केबलचं टोक हलवल्यावर आवाज तुटला तर जॅकची पत्ती सैल. गुणगुण येत असेल तर तारांना हात लावा. ती कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ती वायर सुटलेली असू शकते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र बेस तपासणं तिथेच थांबवा. दोष ॲम्प किंवा घराच्या वायरिंगमध्ये आहे. आधी वायरमन बोलवा.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो, बाकीचे पाच सेकंद टिकतात आणि हा दोनच. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये, महागड्यांतही, असा डेड स्पॉट सर्रास असतो. नेक त्या स्वराला स्वतःच थरथरतो आणि तारेची ताकद शोषून घेतो. दुसरा बेस मागवलात तर त्यातही एका फ्रेटने मागेपुढे सापडेल. हेडस्टॉकला छोटा जी-क्लॅम्प लावून बघा, तो स्वर सुटतो आणि डेड स्पॉट दुसरीकडे सरकतो. तो कुठे सरकला तर तुमच्या गाण्यांत कमी लागेल, ते बघून क्लॅम्प ठेवा किंवा काढा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा आणि ब्रिजचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात सॅडलचे बारीक स्क्रू गंजून अडकतात आणि मग उंची बदलता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उलटं होतं: एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेबाहेर येऊन बोटांना टोचतात. बारीक कानशीने ती घासून घेता येतात, पण परत करण्याची मुदत संपेपर्यंत कानशीला हात लावू नका. खोकाही तोवर माळ्यावर टाकू नका. मूळ खोक्याशिवाय बेस परत पाठवणं अवघड जातं, आणि चार फुटांचा दुसरा खोका शोधणं त्याहून अवघड.